पक्कं

माझा दादा लिफ्ट दुरुस्त करायचा आणि मी सुतारकाम करतो. मिसरूड फुटल्यापासून आमच्यात एकच वाद होता: जोडलेली वस्तू पुन्हा उघडता यावी की नाही. दादाचं म्हणणं, यावी. माझं म्हणणं, उघडायचीच असेल तर जोडली कशाला? या वादात शेवटी मी जिंकलो. कसा जिंकलो ते कुणाला सांगितलेलं नाही, ते आता सांगतो.

दादा एकतीस वर्षं एकाच नऊ मजली कचेरीत होता. तिथे दोन लिफ्ट होत्या, दोन्ही जुन्या, आणि दोन्ही जणू पाळी लावून बंद पडायच्या. लिफ्ट अडकली की लोकांची पाचावर धारण बसे. दादा मात्र जिना चढून सावकाश वर जायचा, पान्याने दारावर तीनदा ठोकायचा आणि विचारायचा, "आत किती जण आहात? सगळे श्वास घेताय ना? मग काही बिघडलेलं नाही." एकदा एक टायपिस्ट बाई पाऊण तास आत रडत होत्या, त्या दार उघडल्यावर हसत बाहेर आल्या. माणूस तसा मुखदुर्बळ. घरात दिवसाला वीस वाक्यं बोलला तर वहिनी म्हणायच्या, आज भाषण झालं.

दादाला ठोकळ्यांचा नाद लागला तो पुतणीमुळे. ती सहा वर्षांची असताना कुणीतरी तिला प्लॅस्टिकच्या ठोकळ्यांचा डबा दिला. वर दाणे, खाली खळगे, एकावर एक दाबला की टक् करून बसणारे. सुट्टीच्या दिवशी बापलेक फरशीवर पालथे पडून घरं बांधायचे. पुतणी बारा वर्षांची झाली आणि तिने तो डबा पलंगाखाली सरकवला. दादाने तो बाहेर ओढला. वहिनी म्हणाल्या, "पोरगी मोठी झाली, आता तुम्ही कधी होणार?"

डब्यातल्या पुस्तिकेप्रमाणे बांधण्यात दादाचं मन फार दिवस रमलं नाही. दुसऱ्याने आखलेलं बांधायचं म्हणजे दुसऱ्याची पत्रं वाचायची, असं तो म्हणे. मग तो स्वतःच आखायला लागला. पूल केला, मालाची क्रेन केली, एक घड्याळ केलं जे तासाला अकरा मिनिटं मागे पडायचं. प्रत्येक गोष्ट आठवडाभर मांडून ठेवायची आणि मग सुटी करून टाकायची. मला ते बघवत नसे. मी म्हणायचो, "दादा, हे सगळं कच्चं काम. दोन थेंब गोंद टाक, नातवंडं बघतील." तो म्हणायचा, "लिफ्टचं दार उघडलं नाही तर आतला माणूस गेला."

मी त्याला ठोकळे ठेवायला चौसष्ट ड्रॉवरचं कपाट करून दिलं. लाकडाचे दात लाकडात बसवले, वर गोंद, एक खिळा नाही. दादाने कडांवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "सुरेख. पण उद्या ड्रॉवर अडकला तर?"

"माझा ड्रॉवर अडकत नाही."

"अडकतो रे. अडकतोच." आणि हसला. त्याला डिवचायला मला फार आवडायचं, आणि त्यालाही ते आवडत असावं.

निवृत्त झाल्यावर त्याने चार वर्षं लावून एकच गोष्ट केली. तीच नऊ मजली कचेरी. टेबलावर ठेवली की तिची गच्ची माझ्या हनुवटीला लागायची. बाहेरून बघाल तर करडा ठोकळा, नावाला खिडक्या. खरी गंमत आत होती. खालची मूठ फिरवली की दोऱ्यावर लिफ्टची पेटी वर चढायची, दुसऱ्या बाजूने वजन खाली यायचं, आणि प्रत्येक मजल्यावर पेटी आपोआप थांबून इवलंसं दार उघडायचं. मोटर नाही, विजेची तार नाही. ते थांबणं जमावं म्हणून दादाने सतरा वेळा सगळं मोडून पुन्हा बांधलं होतं. ते कसं थांबतं हे जगात एकाच माणसाला माहीत होतं.

अठराव्यांदा बांधलं तेव्हा ते थांबलं. आणि त्याच सुमारास दादाच्या डोळ्यांत डाग आला. डोळ्याच्या डॉक्टरीणबाईंनी साफ सांगितलं: पडद्याचा मधला भाग जातोय, कडा राहतील. चालता येईल, माणूस दारात उभा आहे एवढं कळेल, पण त्याचं तोंड दिसणार नाही. एका डोळ्याचं गेलेलं आहे, दुसऱ्याचं इंजेक्शनांनी लांबवू, तीन महिने, फार तर चार. दादा घरी आला आणि दाण्याएवढे ठोकळे निवडत बसला. मान थोडी वाकडी करून, कडेने बघत.

आता मला तेव्हा ठाऊक नसलेली एक गोष्ट सांगून टाकतो. दादाने आणि परगावी नोकरीला असलेल्या पुतणीने फोनवर एक बेत ठरवला होता. दादा या कचेरीची पुस्तिका करणार होता. अशी पुस्तिका उलटी करतात. बांधलेली वस्तू एकेक थर सुटी करत जायची, प्रत्येक पायरीला फोटो काढायचा, आणि मग शेवटच्या फोटोपासून पहिल्यापर्यंत मागे वाचत बांधायचं. पुतणीने तिकडे ठोकळे जमवून ठेवले होते. ती पुस्तिका समोर ठेवून बांधणार आणि हा फोनवर तिच्याशी बोलत राहणार. ही कचेरी झाली की पुढची वस्तू डोक्यात आखायची, तीही तिच्या हातांनी. "माझं डोकं, तुझे डोळे," असं तो तिला म्हणाला होता. तीस वर्षांनी बापलेक पुन्हा फरशीवर बसणार होते, इतकंच की दोन गावांतल्या दोन फरश्यांवर. आंधळा होऊन जगायला त्याला एवढंच हवं होतं, आणि त्यासाठी दोन गोष्टी लागत होत्या: तीन महिन्यांची नजर आणि उघडणारी कचेरी.

हे त्याने आम्हाला का सांगितलं नाही? बोलायचा नाही म्हणून. सांगितलं ते एवढंच. इंजेक्शन आणि तपासण्यांसाठी इस्पितळात जायच्या आदल्या दिवशी मी चहाला गेलो होतो. दादा कचेरीवरून हात फिरवत होता. म्हणाला, "तिथून आलो की आधी हे पक्कं करायला घेणार. डोळे आहेत तोवर पक्कं करून ठेवलं पाहिजे."

त्याच्या लेखी कच्चं म्हणजे डोक्यात असलेलं आणि पक्कं म्हणजे कागदावर उतरलेलं. शाळेत कच्ची वही आणि पक्की वही असते ना, तसं. आमच्या धंद्यात कच्चा जोड म्हणजे नुसता बसवून बघितलेला, आणि पक्का म्हणजे गोंद लावलेला.

मला काय वाटलं ते खरं सांगतो. मला वाटलं, जिंकलो. चाळीस वर्षांनी का होईना, दादाला शहाणपण सुचलं. माझी छाती फुगली. "कसं पक्कं करणार?" एवढं विचारायला किती श्वास लागतो? पण जिंकलेला माणूस विचारत नाही.

दादा तीन दिवस इस्पितळात होता. पहिल्याच सकाळी फडकं मारताना वहिनींचा धक्का लागून गच्चीचा कोपरा खाली आला. त्या रडतच माझ्या दारात आल्या. "भाऊजी, चार वर्षांचं काम हो! ते यायच्या आत काहीतरी करा." किल्ली माझ्या हातात देऊन त्या इस्पितळात गेल्या.

कोपरा अर्ध्या तासात बसला. तेवढ्यावर थांबलो असतो तर आज हे सांगत बसलो नसतो. पण माझ्या डोक्यात आलं, दादाची नजर जातेय, हे पक्कं करायचं काम त्याच्याने कुठलं होणार! आपणच करून ठेवू. आल्यावर त्याला आनंद होईल.

प्लॅस्टिक जोडायचं एक पातळ औषध मिळतं. ते गोंदासारखं मध्ये बसत नाही. ते दोन्ही तुकड्यांची कातडी विरघळवतं, आणि वाळलं की दोन तुकडे राहतच नाहीत, एकच होतो. मी बारीक सुईची सिरिंज घेतली आणि दोन दिवस सकाळपासून ऊन उतरेपर्यंत एकेका सांध्यात थेंब सोडत बसलो. डोळ्यांत तेल घालून काम केलं. बाहेर एक ओघळ नाही, एक डाग नाही. पेटी वरखाली जाते त्या खाचेजवळ मी सुई नेली नव्हती. पण औषध पाण्याहून पातळ, ते आपली वाट काढत आत गेलं. आयुष्यात मी त्याहून सफाईचं काम केलेलं नाही.

तिसऱ्या दिवशी दादा आला. चांगल्या डोळ्यावर पट्टी, दुसरा आधीच गेलेला. सरळ टेबलाशी गेला. मी आणि वहिनी बाजूला उभे होतो, मी तर बक्षीस मिळणाऱ्या पोरासारखा. त्याने मूठ धरली. ती फिरली नाही. त्याने जरा जोर लावला. मग वाकून चौथ्या मजल्यावर बोटाने तीनदा ठोकलं आणि विचारलं, "आत किती जण आहात?"

मला वाटलं थट्टा चाललीय. मी मोठ्याने हसलो.

दादाने गच्चीच्या कडेचा एक ठोकळा चिमटीत धरून ओढला. मग खिशातून ठोकळे सोडवायची छोटी प्लॅस्टिकची उचकटणी काढली, ती फटीत घालायला गेला, पण फटच नव्हती. त्याचं बोट सांध्यावरून सरकत होतं आणि त्याला सांधा लागत नव्हता. "कोपरा पडला होता," मी म्हणालो. "मग म्हटलं सगळंच पक्कं करून टाकू. तूच म्हणाला होतास ना."

"हो," तो म्हणाला. "मीच म्हणालो होतो."

मग त्याने वहिनींना कपाटातली जाड वही आणायला सांगितली आणि मला वर सांगितलेला सगळा बेत सांगितला. शांतपणे, क्रमाने. वहीच्या पानांवर ठळक मार्करने आकडे घातलेले होते, एक ते दोनशे चाळीस. दोनशे चाळिसाव्या पानावर पूर्ण कचेरीचा फोटो चिकटवलेला होता, इस्पितळात जायच्या आधी त्याने काढलेला. बाकी दोनशे एकोणचाळीस पानं कोरी.  वहिनींनी तोंडाला पदर लावला आणि आत गेल्या.

मी हात टेकले नाहीत. म्हटलं, बारीक करवतीने मागची भिंत कापतो, आतलं दिसेल, फोटो काढू. दादा म्हणाला, बघ. पाती फिरली तशी तापली, प्लॅस्टिक वितळून रंगात रंग मिसळला. आतली चाकं एकमेकांत विरघळून त्यांचा एकच करडा गोळा झाला होता. दोन बोटं आत गेलो असेन, दादा म्हणाला, "थांब. वास येतोय."

दादाने आठवून पुन्हा बांधायचाही प्रयत्न केला. पट्टी निघाल्यावर त्या डोळ्याने जे काही दिसत होतं त्यावर सात आठवडे. मी रोज जाऊन त्याला ठोकळे हातात देत होतो. बाहेरच्या भिंती आल्या, खाच आली, पेटी चढली. पण थांबेना. मजल्यामागून मजला सोडून सरळ वर जायची आणि छताला आपटायची. "अठराव्यांदा काहीतरी वेगळं केलं होतं," तो म्हणायचा. "काहीतरी छोटंसं. ते नजरेला माहीत होतं, मला नाही." आठव्या आठवड्यात त्याने हिरवा म्हणून करडा ठोकळा उचलला, आणि मी तो हळूच बदलून दिला तेव्हा त्याला कळलं. त्याने ठोकळे खाली ठेवले ते ठेवलेच.

त्या रविवारी पुतणीचा फोन आला. मी तिथेच होतो. स्पीकरवर तिचा आवाज: "बाबा, मी सगळे ठोकळे रंगाप्रमाणे लावून बसलेय. पुस्तिका कधी पाठवतोस?"

मी पुढे झालो. म्हटलं, आता सांगून टाकतो, काका काय करून बसला ते. दादाला माझी सावली हललेली कडेने दिसली असावी. त्याने हात वर करून मला थांबवलं.

"नाही होणार, बाळ," तो म्हणाला. "मीच आळस केला. आज करू, उद्या करू म्हणत राहिलो, आणि डोळे गेले."

पलीकडे ठोकळे बाजूला सारल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "आळस? तू? बाबा, तुला माझ्याबरोबर करायचंच नव्हतं का?"

"तसं नाही गं," एवढंच तो म्हणाला. खरं सांगायला माझं नाव घ्यावं लागलं असतं, ते त्याने घेतलं नाही. आणि मीही तोंड उघडलं नाही. त्याने थांबवलं म्हणून नव्हे. मी भ्यालो. त्यानंतर तिचे फोन येतात ते वहिनींना, तब्येत विचारायला.

कचेरी अजून टेबलावर आहे. वहिनी तिला ओल्या फडक्याने खुशाल पुसतात. येणारेजाणारे टकटक करून बघतात आणि म्हणतात, काय मजबूत काम आहे! दादा खुर्चीत बसलेला असतो, मान कडेला वळवून. मी गेलो की कधीकधी त्याचा हात कचेरीवर जातो, तोच गच्चीचा कोपरा चिमटीत धरतो, हलकेच ओढतो आणि सोडून देतो. परवा म्हणाला, "जोड छान केलायस रे." टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. त्याने मनापासून म्हटलं होतं.

दोन वर्षं झाली. माझा एकही जोड सुटलेला नाही.