चार मालकांचा बैल

चिमूरजवळच्या त्या गोठ्यात मी एकदाच गेलो. आम्ही चौघा शिक्षकांनी भागीदारीत शंकरपटाचा बैल घेतला होता आणि पहिल्याच शर्यतीत तो अर्ध्यावर थांबला. त्याला विकायचं ठरलं. ते सांगायला मी गेलो होतो.

बैलाला पटासाठी तयार करणारी बाई पन्नाशीची होती. लुगड्याचा काष्टा घट्ट, तळहातावर कासऱ्याचे वळ. माझं बोलणं ऐकताना ती बैलाची मान खाजवत राहिली. तो डोळे मिटून तिच्या खांद्यावर झुकला होता.

"मालक चार, पाय चार," ती म्हणाली. "गुरुजी, तुमचा कोणता?"

मी हसलो. "मागचा उजवा समजा."

"मंग तेवढाच घेऊन जा. बाकीच्या तीन पायांवर बी हा पट जिंकते. या खेपेले पटात मीच हाकीन त्याले."

आम्हा चौघांपैकी कुणालाच त्या बैलाची एवढी खात्री नव्हती. मी तिथूनच एका भागीदाराला फोन लावला आणि येत्या पटात बैलाचं नाव द्यायला सांगितलं.

"अन् हरला तं?" त्यानं विचारलं.

मी बाईकडे पाहिलं. ती बैलाला दुसऱ्या बैलासोबत शर्यतीच्या हलक्या छकडीला जुंपत होती.

"नाई हरत," मी म्हणालो.