वांग्यांचं चित्र

सोनपेठच्या शाळेतून निवृत्त झालेले चित्रकलेचे मास्तर विष्णुपंत आठवडी बाजारातली वांगी ताटात मांडून रंगवायला बसत. जांभळ्यावरची चमक जमत आली, की त्यांची बायको सुमंगला ताटच उचलायची. ‘‘चित्राचं उद्या बघा, भाजी आत्ता टाकायचीय,’’ म्हणायची. त्यामुळे एकही चित्र कधी पुरं झालं नाही.

फाल्गुनात ती वारली. महिन्याभरानं विष्णुपंतांनी पुन्हा वांगी मांडली. ताट कुणी उचललं नाही. पाचव्या दिवशी वांगी सुरकुतली, जांभळ्यात तपकिरी उतरली. तीही त्यांनी रंगवली.

शेजारची अपेक्षा म्हणाली, ‘‘काका, लय भारी झालंय. सही करा की!’’

‘‘नको वाटतंय गं,’’ म्हणत त्यांनी चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवलं. सडकी वांगी गायीपुढं टाकली, तर तिनंही तोंड फिरवलं.