कोणीबाईंनी तपासलेला अहवाल

इंग्रजीच्या बाईंना अख्खी शाळा ‘कोणीबाई’ म्हणायची, अर्थात पाठीमागे. तोंडावर म्हणायची छाती कोणाची होती! एखादं पोरगं ‘बाई, काच फुटली’ म्हणत आलं, की प्रश्न ठरलेला: “कोणी फोडली?” घरीही तीच तऱ्हा. ‘दूध उतू गेलं’ म्हणायची नवऱ्याला सोय नव्हती. “आपण होऊन गेलं? गॅसपाशी उभं कोण होतं?” नवरा बिचारा म्हणायचा, “मी होतो. चढव सुळावर.”

हा राग फार जुना. बाई लहान असताना त्यांच्या ताईचं दप्तर एके दिवशी माळ्यावर गेलं आणि ताई स्वयंपाकघरात. वर्गात पहिली येणारी मुलगी! घरात सगळे एवढंच म्हणायचे, “तिची शाळा बंद झाली.” धाकटीने जेवताना विचारलं, “कोणी बंद केली?” वडिलांनी कानाखाली जाळ काढला. आई मान खाली घालून वाढत राहिली. पुढे कॉलेजात पॅसिव्ह व्हॉइस, म्हणजे करणाऱ्याचं नाव न घेता बोलायची सोय, नीट समजला, तेव्हा बाई मनात म्हणाल्या, अरेच्चा, हे तर आमच्या घरचंच व्याकरण!

म्हणून नववीला हा धडा त्या जीव तोडून शिकवायच्या. “पॅसिव्ह वाईट नाही रे. पर्स चोरीला गेली, चोर माहीत नाही, खुशाल वापरा. पूल कधी बांधला गेला एवढंच सांगायचंय, गवंडी कोण ते नाही, वापरा. पण करणारा माहीत असताना त्याला वाक्यातून पळवून लावलंत, तर माझ्याशी गाठ आहे. शेवटी ‘बाय’ लावा आणि कान धरून परत आणा त्याला.”

त्या वर्षी वरच्या मजल्यावरच्या जिन्याचा कठडा डगमगायला लागला. बाईंनी मुख्याध्यापकांच्या कानीकपाळी ओरडून सांगितलं. ते म्हणायचे, “बघू, सुट्टीत.” शेवटी शिपाईकाकांनी घरची नायलॉनची दोरी आणून कठडा आवळून बांधला. तरी एका मधल्या सुट्टीत पोरांची झुंबड उडाली, दोरी तुटली आणि सातवीतली एक मुलगी खाली कोसळली. मांडीचं हाड मोडलं तिचं.

दोन दिवसांनी मुख्याध्यापकांनी बाईंना बोलावलं. “संस्थेला अहवाल पाठवायचाय. इंग्रजी जरा नजरेखालून घाला आणि पर्यवेक्षिका म्हणून सही करा.”

बाई वाचू लागल्या. ‘रेलिंग वॉज नॉट रिपेअर्ड.’ ‘रिपेअर वॉज पोस्टपोन्ड.’ ‘चिल्ड्रन वेअर नॉट स्टॉप्ड.’ कठडा दुरुस्त केला गेला नाही, दुरुस्ती पुढे ढकलली गेली, मुलांना अडवलं गेलं नाही. सगळं जणू वाऱ्यानेच केलेलं! अख्ख्या कागदावर माणूस एकच होता: ‘द प्यून टाइड द रेलिंग विथ अ रोप.’ शिपायाने कठडा दोरीने बांधला. आणि शेवटी, शिपायाला कामावरून काढण्यात यावं.

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. शाळेत ज्या एकाच माणसाने काहीतरी केलं, त्याच्याच डोक्यावर खापर!

“चुकलंय का काही?” मुख्याध्यापकांनी विचारलं.

“व्याकरण अगदी बरोबर आहे. तीच तर बोंब आहे.”

त्यांनी लाल पेन काढला. पहिल्या वाक्याच्या शेवटी लिहिलं, ‘बाय द हेडमास्टर’. दुसऱ्याच्या शेवटी तेच. तिसऱ्यापाशी मात्र पेन अडला. मुलांना अडवलं नाही, कोणी? त्या सुट्टीत जिन्यापाशी थांबायची पाळी बाईंचीच होती, आणि त्या स्टाफरूममध्ये चहा पीत बसल्या होत्या. हे त्यांना कोणी विचारलं नव्हतं. दोन दिवस त्यांनी स्वतःलाही विचारलं नव्हतं. आता मात्र स्वतःच्याच कानाखाली वाजवावीशी वाटली. दात आवळून त्यांनी लिहिलं, ‘बाय मी’. शेवटची ओळ पेन कागदात घुसेपर्यंत खोडली आणि खाली सही ठोकली.

मुख्याध्यापक उठूनच उभे राहिले. “वेड लागलंय का तुम्हाला? तुमचीही नोकरी जाईल!”

“जाईल काय? मला काढाल, तुम्ही. नीट बोला. आणि दुसरा अहवाल लिहिलात तर त्यावर माझी सही मिळणार नाही. मुलीच्या आईवडिलांना मी स्वतः जाऊन सगळं सांगणार आहे.”

बाहेर शिपाईकाका भिंतीला टेकून उभे होते, तोंडचं पाणी पळालेलं. “बाई, दोरी मीच बांधली होती हो,” ते न विचारताच म्हणाले.

बाईंना त्यांच्याकडे बघवेना. तरी त्यांनी मान वर केली.

“काका, जिन्यापाशी मी उभी असायला हवी होते,” त्या म्हणाल्या. “मी नव्हते.”