जुनं बॉनेट आणि ओली हळद

काकूंनी ओल्या हळदीत बोट बुडवलं आणि त्या नव्या गाडीकडे वळल्या, तेव्हा अंगणातले सगळे म्हणाले, "जपून, जपून." मी एकटा गप्प होतो. मला त्या गाडीची काळजी नव्हतीच.

दसरा होता, गाव कारंजा लाड. पुण्यात राहणाऱ्या विक्रांतदादांनी आपल्या दोन गाड्या ट्रकवर घालून गावच्या घरी पूजेला आणल्या होत्या. एक यंदाची सुपरकार. दुसरी चाळीसेक वर्षांपूर्वीची स्पोर्ट्स कार. तशा देशात मोजक्याच असतील. मी डिटेलिंग करतो, म्हणजे गाडीचा रंग, काच, चामडं सांभाळतो. घर चिपळूणकडे, शाळा आठवीत सुटली. कागदावर काही नसताना आमच्या दुकानाच्या साहेबांनी मला कामावर घेतलं, आणि आता एकट्याला गाड्यांबरोबर एवढ्या लांब पाठवलं. त्या विश्वासाचंच ओझं जास्त. रस्ताभर दर ढाब्याला उतरून मी गाड्या बांधलेले पट्टे तपासत होतो.

दादांचे मामा नव्या गाडीत डोकावले. "एवढी महाग अन् दोनच सीटा? मंग बायको-पोरं एसटीनं येतीन का?" जुनीकडे बोट केलं. "अन् हे? भंगारात भेटली का?"

नवीवर पीपीएफ असतं, म्हणजे डोळ्याला न दिसणारी फिल्म. हळद पुसली की गेली. बॉनेट फुटलं तरी ऑर्डर देऊन दुसरं येतं. जुनीवर मात्र कंपनीतून निघाली तेव्हाचाच रंग. त्याच्यावर क्लिअर कोट, म्हणजे संरक्षणाचा पारदर्शक थर, नाही. असा उघडा रंग ओली हळद पितो. घासायला जावं तर डागाबरोबर रंगही कापडावर येतो. नवीन रंग मारला तर गाडीचं मोलच जातं.

मी साहेबांना फोन लावला.

"साहेब, हळद ओली आहे."

"दादांना सांग."

"ते देवळात गेलेत. फोन इथेच ठेवून."

"मग तू बघ. तिथे तूच आहेस."

नवीवर स्वस्तिक काढून काकू, म्हणजे दादांच्या आई, जुनीपाशी आल्या.

"काकू, हिच्या काचेवर काढा ना."

"काच म्हंजे गाडी हाय का? बाजूले हो."

"रंग हळद धरतो. डाग जात नाही."

"मंग चांगलंच. वर्षभर राहीन."

सणाच्या दिवशी, परक्या घरात, गाडीमालकाच्या आईचा हात धरणार कसा? बोट खाली आलं. मी तळहात बॉनेटवर टेकवला. स्वस्तिकाची पहिली रेघ माझ्या हातावर उमटली.

नोकरी गेली, असं मी धरून चाललो.

"काहून रे? तुयी पोरगी हाय का थे? इतका जपून राह्यला."

"नाही काकू. पण हिचा रंग गेला तर परत येत नाही."

त्यांनी पहिल्यांदा गाडीकडे नीट पाहिलं. "मंग आंधी सांगाचं ना. आमच्या घरी म्हाताऱ्या बैलाचे शिंगं रंगवत नाही. नुसता हात फिरवतो." आणि दुसऱ्या, कोरड्या हातानं त्यांनी बॉनेटवरून एकदा हात फिरवला. बोटावर उरलेल्या हळदीनं माझ्या हातावरचं स्वस्तिक पूर्ण केलं.

दादा देवळातून आले. आधी बॉनेट पाहिलं, मग माझा हात. निघताना आपट्याचं पान स्वतः माझ्या हातात ठेवलं.

साहेबांनी फोनवर विचारलं, "डाग?"

"हातावर आहे, साहेब."

तेव्हापासून गाडी बाहेरगावी निघाली की मी पत्ता नंतर विचारतो. आधी विचारतो, तिकडे पूजा आहे का, आणि हळद ओली की कोरडी.