डी-३७ च्या नळाचं पाणी

या सदरात येणारे अनुभव मी नियमित वाचतो आणि नियमित चिडतो. पांढरी साडी, उलटे पाय, पिंपळाखालून कुणीतरी हाक मारली... मंडळी, तुम्हाला रात्रीचं जेवण पचत नाही, एवढंच मला त्यातून कळतं. मी आयुष्यभर प्रयोगशाळेत काम केलं. जे काचेच्या नळीत दिसत नाही त्यावर माझा विश्वास नव्हता, आजही फारसा नाही. तरी हे लिहायला बसलोय, कारण माझं वय झालंय आणि ज्यांच्यावर मी चिडलोय ते सगळे पेन्शन खाऊन, नातवंडं खेळवून शांतपणे गेले. राग तेवढा माझ्याकडे राहिलाय.

साठ सालानंतरची दोन-तीन वर्षं. गाव बंगळूर – आम्ही तेव्हा बंगलोर म्हणायचो. मी पुण्याहून तिथल्या एका सरकारी कारखान्याच्या इस्पितळात लॅब टेक्निशियन म्हणून लागलो होतो. कारखान्याचं नाव सांगणार नाही. वसाहत शहराच्या दक्षिणेला, आज जिथे जे. पी. नगर पसरलंय त्याच्याही पुढे, नाचणीच्या शेतांमध्ये. ए, बी आणि सी अशा क्वार्टर्सच्या तीन लाइनी, पंप हाऊस, पाण्याची उंच टाकी, ऑफिसर्स क्लब आणि छोटंसं इस्पितळ. इस्पितळाच्या मागच्या अंगाला माझी लॅब. लॅबला एक खिडकी आणि खिडकीला बाहेरून फळी. लोक तिथे येऊन उभे राहत आणि मी आतून बोलत असे.

दर मंगळवारी पिण्याच्या पाण्याची तपासणी. रजिस्टरवर तीन नळांची नावं छापलेली होती – पंप हाऊस, इस्पितळ, क्लब. या तिन्ही नळांचं पाणी मी उकळून निर्जंतुक केलेल्या बाटल्यांत घ्यायचो. त्यातलं थोडं थोडं जांभळ्या रसाच्या नळ्यांत घालायचं आणि त्या दोन दिवस उबेत ठेवायच्या. रस पिवळा पडला आणि आतल्या छोट्या उलट्या नळीत हवेचा बुडबुडा धरला, की समजायचं पाण्यात मैला मिसळलाय. माझ्या रजिस्टरमध्ये बुडबुडा कधीच नसायचा. कसा असणार? मंगळवारी तपासणी हे पंप हाऊसच्या माणसांना पाठ होतं. मंगळवारी सकाळी ते टाकीत ब्लीचिंग पावडर सढळ हाताने टाकत. त्या दिवशी क्लबातल्या चहालासुद्धा वास यायचा. हे मला माहीत होतं, मोठ्या डॉक्टरांना माहीत होतं, सगळ्यांना माहीत होतं. तरी दर गुरुवारी मी ‘पिण्यास योग्य’ लिहून सही करायचो. छापलेल्या तीन नळांपलीकडे चौथा नळ वसाहतीत असतो, हे मला त्या वयात सुचलंही नाही.

मार्गशीर्षातला एक मंगळवार. सकाळचे अकरा. मी बाटल्यांवर चिठ्ठ्या लावत होतो. खिडकीशी एक बाई येऊन उभी राहिली. तिशीची असेल. हिरवं इरकल, कपाळावर मोठं कुंकू, हातात पितळेचा तांब्या आणि त्यावर झाकण म्हणून वाटी. तांब्याच्या पोटाला एक चांगला खोल पोचा होता. तिने तांब्या फळीवर ठेवला आणि मराठीत म्हणाली, ‘‘अण्णा, आमच्या नळाचं पाणी स्वल्प बघून द्या की. वास मारतंय.’’

तिथल्या जुन्या मराठी घरांतलं ते बोलणं. तीनशे वर्षांपूर्वी आलेली घराणी ती, त्यांच्या मराठीत कानडी अशी मिसळलेली की कुठलं काय ते त्यांनाही सांगता येत नाही. मला त्याची गंमत वाटायची. त्या दिवशी मात्र वाटली नाही. एक तर मंगळवारची घाई, त्यात असं तांब्यात पाणी आणणं म्हणजे आमच्या शास्त्राचा अपमान. मी तिला सुनावलं की खासगी सॅम्पल घेत नाही, आणि घेतलं तरी निर्जंतुक बाटलीतच घेतो. ती हलली नाही. वाद घातला नाही, विनवणीही केली नाही. नुसती उभी राहिली. शेवटी कटकट जावी म्हणून मी विचारलं, क्वार्टर नंबर?

‘‘डी सदतीस,’’ ती म्हणाली. ‘‘लवकर बघा अण्णा. पोरगी हेच पाणी पितीय.’’

मी तांब्यातलं पाणी बाटलीत ओतून घेतलं, तांब्या तिला परत दिला आणि फॉर्म काढायला कपाटाकडे वळलो. नाव, सही हवी ना! फॉर्म घेऊन आलो तर खिडकीत कोणी नाही. गेली असेल, म्हटलं. बाटलीवर ‘डी-३७’ लिहिलं आणि तिचंही पाणी नळ्यांत घातलं. आता तुम्ही म्हणाल भास झाला. भासाचं पाणी बाटलीत मावत नाही. दोन दिवस ते माझ्यासमोर होतं.

गुरुवारी सकाळी उबेची पेटी उघडली. छापील तीन नळांच्या नळ्या जांभळ्या. डी-३७ च्या सगळ्याच्या सगळ्या पिवळ्या, आणि प्रत्येकीत टपोरा बुडबुडा. इतकं घाण पाणी मी तोवर फक्त गटाराचं पाहिलं होतं. मी कोट चढवला आणि डी लाइन शोधायला निघालो, आणि चालता चालता माझ्या लक्षात आलं की आपल्या वसाहतीत डी लाइनच नाही.

म्हणजे होणार होती. सी लाइनच्या मागे उतारावर मिस्त्री लोक पाया खणत होते. जोत्याइतकीही भिंत कुठे वर आलेली नव्हती. जमिनीत लाकडी खुंट्या मारून त्यावर काळ्या रंगाने नंबर घातले होते. छत्तीस, सदतीस, अडतीस... सदतीसच्या खुंटीशी एक कुत्रं झोपलं होतं. मिस्त्रीला विचारलं, इथे पाणी आलंय का? तो हसला. पाइप कालच टाकले, पाणी यायला वर्ष जाईल, म्हणाला. मग मी चरात वाकून पाहिलं. पिण्याच्या पाण्याचा पाइप आणि संडासाच्या मैल्याचा पाइप एकाच चरात, एकमेकांना खेटून टाकलेले होते. मैल्याचा थोडा वरच्या अंगाला. एवढं कळायला भूत लागत नाही, डोळे लागतात. सांधा जरा निसटला की वरचं खाली झिरपणार.

मी रजिस्टर घेऊन मोठ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून ती ओळ वाचली आणि पोट धरून हसले. नसलेल्या घराच्या, नसलेल्या नळाचं, नसलेल्या बाईने आणलेलं पाणी! ‘‘बर्वे, लग्न करून तुम्ही थकलात,’’ म्हणाले. मी पाइपांचं सांगितलं. ते काम सिव्हिलचं, म्हणजे बांधकाम खात्याचं, म्हणाले. सिव्हिलच्या साहेबांकडे गेलो, तर त्यांनी नकाशा उलगडून दाखवला. नकाशाला मंजुरी आहे, दोन चर खणायचे तर वेळ दुप्पट लागेल, आणि इस्पितळातल्या माणसाने खड्ड्यात डोकावायचं कारण काय? परत आलो तेव्हा डॉक्टरांनी त्या ओळीवर लाल शाईने काट मारून ठेवली होती. शेजारी कारण लिहायचं होतं. ते मीच सुचवलं... हो, मी. ‘सॅम्पल अनिर्जंतुक भांड्यातून आणल्याने अग्राह्य’. आणि खाली सही केली.

हे नीट समजून घ्या, कारण ही चूक आमच्यासारखे शिकलेले लोकच करू शकतात. बाई कुठून आली ते मला सांगता येत नव्हतं, आणि जे सांगता येत नाही ते रजिस्टरात लिहिता येत नाही. मग मी नियम शोधला. तांब्या निर्जंतुक नव्हता, म्हणून नळ्या पिवळ्या झाल्या – झालं, सुटलो. पितळेत पाणी ठेवलं तर जंतू वाढण्याऐवजी मरतात, हे मला चांगलं ठाऊक होतं. तरी लिहिलं.

पुढच्या दसऱ्याला डी लाइनच्या क्वार्टर्सच्या चाव्या वाटल्या. झेंडूच्या माळा, बँड, भाषणं. सिव्हिलच्या साहेबांना शाल. दिवाळी होऊन थोडे दिवस झाले आणि एका मंगळवारी अकरा वाजता मी मान वर केली, तर खिडकीत ती उभी.

तेच इरकल. तोच तांब्या, तोच पोचा, वर तीच वाटी. तांब्या फळीवर ठेवून ती म्हणाली, ‘‘अण्णा, आमच्या नळाचं पाणी स्वल्प बघून द्या की. वास मारतंय.’’

माझ्या हातातली बाटली खाली पडून फुटली. मी विचारलं, तुम्ही मागच्या वर्षी आला होतात ना? मार्गशीर्षात? ती माझ्याकडे, वेड्याकडे बघावं तशी बघत राहिली. तिचं नाव रुक्माक्का. नवरा कारखान्यात फिटर. दसऱ्याला राहायला आले, त्याआधी शहरात चिकपेटला भाड्याने होते. मागच्या मार्गशीर्षात तर ती होसूरला माहेरी बाळंतपणाला गेलेली, तिसऱ्या दिवसाची ओली बाळंतीण. वसाहत तिने दसऱ्याआधी पाहिलेलीही नव्हती. आणि तो पोचा? तो म्हणे दसऱ्याच्याच दिवशी, सामान टेम्पोतून उतरवताना तांब्या पडला तेव्हाचा. अवघ्या महिन्या-दीड महिन्याचा.

मी क्वार्टर नंबर विचारला नाही. तिनेच सांगितला. आणि म्हणाली, थोरल्या पोरीला आठ दिवस ताप आहे, उतरतच नाही.

त्या दिवशी मी पहिल्यांदा नोकरीची पर्वा न करता काहीतरी केलं. पंप हाऊसमधून व्हॉल्व्हची किल्ली उचलली आणि डी लाइनचं पाणी स्वतः बंद केलं. चाळीस घरांच्या बायका कोरड्या नळांपाशी उभ्या राहून मला शिव्या देत होत्या, तीन भाषांत. सिव्हिलच्या साहेबांनी मला मेमो दिला. गुरुवारी तिने आणलेल्या पाण्याच्या नळ्या पिवळ्या झाल्या, सगळ्या, अगदी आधीसारख्या. चर उकरला तर तिथे सांधा निसटलेला, मैला थेट पाण्याच्या पाइपावर. डी लाइनमधली नऊ मुलं तापाने पडली होती. आठ उठली.

रुक्माक्काची थोरली सहा वर्षांची होती. नाव गौरी. आमच्याच वॉर्डात होती. गोळ्या सुरू करायला उशीर झाला होता, आतडं फुटलं. तिच्या रक्ताची तपासणी मीच केली. त्याबद्दल याहून जास्त मला लिहिता येणार नाही.

आणि मग काय झालं ते ऐका. आठवड्याच्या आत माझं जुनं रजिस्टर ‘बायंडिंगला’ गेलं. ते परत आलं नाही. मोठे डॉक्टर म्हणाले की मागच्या वर्षी अशी काही नोंद झाल्याचं त्यांना आठवत नाही. सिव्हिलच्या साहेबांना चराचं कुणी बोलल्याचं आठवत नव्हतं. चौकशी झाली. अहवालात लिहिलं की नागरिकांनी नळाला फडकं बांधून पाणी गाळून घ्यावं. मैला फडक्याने गाळा! त्या वाक्याखाली चार मोठ्या माणसांच्या सह्या होत्या आणि एकाचाही हात थरथरलेला दिसत नव्हता.

तेव्हा पुरावा मागू नका, पुरावा बायंडिंगला गेलाय. मार्गशीर्षात माझ्या खिडकीशी कोण आलं होतं, त्या दिवशी होसूरला बाजेवर पडलेल्या बाईचा तांब्या – तोही पुढे पडणाऱ्या पोच्यासकट – माझ्या फळीवर कसा आला, आणि जोडलेल्याच नसलेल्या नळाचं पाणी माझ्या बाटलीत कुठून आलं... मला माहीत नाही. मी खूप डोकं खाजवलं. कुणीतरी थट्टा केली असेल, दुसरी कुणी बाई असेल, सगळं करून पाहिलं. एकही स्पष्टीकरण पुरत नाही. इतकी वर्षं झाली, मी ते शोधणं सोडून दिलंय.

पण एक प्रसंग राहिलाय. गौरीच्या चौदाव्यानंतर मी डी-३७ मध्ये गेलो. वाटलं, निदान त्या बाईला तरी खरं सांगावं. रुक्माक्का धाकट्याला मांडीवर घेऊन जमिनीवर बसली होती. मी सगळं सांगितलं. खिडकी, तांब्या, खुंटी, चर, लाल शाई, माझी सही. ती रडेल किंवा घाबरेल असं मला वाटलं होतं. तिने काहीच आश्चर्य दाखवलं नाही. आपणच आधी येऊन गेलो यात तिला नवल वाटलं नाही. आई आहे, येणारच, असं काहीसं ती कानडीत पुटपुटली. मग माझ्याकडे पाहून तिने विचारलं,

‘‘मग तुम्ही काय केलंत, अण्णा? कळल्यावर?’’

मी खोटं बोलू शकलो असतो. आजवर सगळेच बोलले होते.

‘‘त्याच दिवशी घरी जाऊन बायकोला सांगितलं,’’ मी म्हणालो, ‘‘की आजपासून आपलं पाणी उकळून घे.’’

ती ‘‘सरी’’ – म्हणजे ठीक – म्हणाली, धाकट्याला खांद्यावर टाकून उठली आणि मी बाहेर पडायची वाट बघत दाराशी उभी राहिली.