पायाळू मुलीची उंची

मुलांची वाढ का खुंटते, यावर एका रुग्णालयात संशोधन चाललं होतं आणि त्यात माझं काम होतं मोजण्याचं. मुलुंडपासून घाटकोपरपर्यंतच्या शाळांमध्ये जाऊन मी मुलांची उंची घ्यायचे. दर सहा महिन्यांनी, त्याच मुलांची. "टाचा भिंतीला लाव, गुडघे सरळ, समोर बघ," एवढं म्हणायचं, जबड्याखाली हात घालून मान हलकेच वर उचलायची, डोक्यावर पट्टी टेकवायची आणि आकडा लिहायचा. तीनदा. दिवसाला शंभरेक मुलं व्हायची, त्यामुळे चेहरे लक्षात राहत नसत. डोक्यांचे आकार मात्र राहत.

कांजूरमार्गच्या एका शाळेत दुसरीच्या वर्गात एक मुलगी होती. वर्गात सगळ्यांत लहान. गोल चेहरा, पुढे आलेलं कपाळ, आवाज इतका बारीक की बाहुली बोलतेय असं वाटावं. तिच्या जबड्याखाली हात घातला की काही उचलल्यासारखं वाटायचंच नाही. पहिल्या खेपेला तिची उंची एकशे दोन सेंटिमीटर भरली. सहा महिन्यांनी पुन्हा गेले, तेव्हाही एकशे दोन. मला वाटलं माझंच चुकलं. तीनदाच्या जागी सहादा मोजली. आकडा हलला नाही. ती मात्र एकदाही कुरकुरली नाही, भिंतीला टेकून माझ्याकडे बघत राहिली.

त्याच दिवशी चौथीच्या वर्गात मी तिला पुन्हा पाहिलं. म्हणजे तिचाच चेहरा पाहिला, पण एका उंच मुलीच्या खांद्यांवर. तेच कपाळ, डाव्या भुवईतला तोच भोवरा. बाईंना विचारलं तर म्हणाल्या, "ती थोरली ना! दुसरीतली तिची धाकटी बहीण." मी दोघींचे फॉर्म शेजारी ठेवले. जन्मतारीख एकच होती.

"कारकुनानं एकावरून दुसरा उतरवला असेल," बाई म्हणाल्या.

मला ते पटलं नाही. त्या आठवड्यात मी त्यांच्या घरी गेले. स्टेशनच्या पूर्वेला पुनर्वसनाच्या इमारतीत सातव्या मजल्यावर त्यांचं घर होतं. दार उघडंच होतं. आत चटईवर एक जाडजूड माणूस पालथा पडला होता, शर्ट वर केलेला, आणि भिंतीला एक हात टेकून ती छोटी मुलगी त्याच्या कमरेवर डावा पाय फिरवत होती. हळूहळू, वरून खाली. घरात टीव्ही चालू होता तरी मला तिच्या पायाचा त्या कातडीवर घासल्याचा आवाज ऐकू आला. दाराबाहेर आणखी एक बाई कमरेवर हात धरून उभी होती. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "तुमचा नंबर माझ्यामागे."

ती मुलगी पायाळू होती. पायांकडून जन्मलेली. अशा माणसाचा पाय लागला की भरलेली उसण उतरते, हे मी माझ्या आजोळीही ऐकलं होतं, पण प्रत्यक्ष रांग कधी पाहिली नव्हती.

सगळे गेल्यावर तिच्या आईनं मला चहा दिला. मूळची मालवणकडची, सासरे गिरणीत होते, नवरा मरोळच्या एका कारखान्यात. पदराच्या टोकाशी खेळत ती म्हणाली, "जुळ्याच आहेत. ही दहा मिनिटांनी आली. उलटी."

"मग शाळेत धाकटी का सांगितलं?"

"तीन वर्षांच्या होईपर्यंत एकाच मापाचे फ्रॉक घ्यायचे मी. मग ही थांबली. जो येईल तो विचारायचा, हिला काय झालं? किती जणांना सांगू? एकदा बाजारात एक बाई म्हणाली, धाकटी गोड आहे. मी हो म्हटलं. तिथनं तसंच झालं." वाढदिवसही दोन होते. धाकटीसाठी वेगळा दिवस, वेगळा केक. त्या दोघींनाही आता तेच खरं वाटत होतं.

मी त्या आईला रुग्णालयात यायला कसं तयार केलं, ते आता नीट आठवत नाही. तीन-चार फेऱ्या मारल्या एवढं खरं. शेजारच्या एका म्हाताऱ्या आजींनी तर मला जिन्यात अडवलं. "त्या चेडवाक वाढवू नको गो," त्या म्हणाल्या. "वाढला तर तिच्या पायात जा आसा, ता जातला." मुलगी वाढली तर पायातला गुण जाईल, असं त्यांचं म्हणणं; आवाजात राग नव्हता, काळजीच होती. त्यांची कमर त्या मुलीच्या पायावर चालली होती.

शेवटी आई दोघींना घेऊन आली. आमच्या संशोधनाच्या प्रमुख डॉक्टर, ज्यांना आम्ही मॅडम म्हणायचो, त्यांनी दोघींच्याही डाव्या हाताचे एक्सरे काढले. हाडांवरून शरीराचं खरं वय कळतं. स्क्रीनवर दोन्ही हात शेजारी शेजारी आले. हात एकच होता. करंगळीचा आतला बाकही तोच. पण थोरलीच्या मनगटात हाडांची नीट मांडणी झाली होती आणि धाकटीच्या मनगटात नुसता काळोख होता, त्यात तीन-चार पांढरे ठिपके तरंगत होते. नऊ वर्षांच्या मुलीला चार वर्षांच्या मुलीचा हात होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटीची हार्मोनची तपासणी झाली. त्यात एक गोळी देतात आणि दर अर्ध्या तासानं रक्त घेतात. गोळीनं पेंग येते. मी तिच्याजवळ बसले होते. मोजण्याची पट्टी ज्या पेटीत असते ती उचलताना आदल्या दिवशी माझ्या पाठीत उसण भरली होती, धड वाकताही येत नव्हतं. मी कुणाला बोलले नव्हते. अर्धवट झोपेत तिनं डोळे उघडले आणि म्हणाली, "ताई, पाठ करा इकडे."

"झोप तू."

"करा ना."

मी खुर्ची वळवली. तिचा पाय पलंगावरून सरकून माझ्या कमरेला लागला. थंडगार होता. एकदा, दोनदा, वरून खाली फिरला. मग तो तसाच टेकून राहिला, कारण ती पुन्हा झोपली होती. रक्त घ्यायला सिस्टर आल्या तेव्हा मी उठले आणि सरळ उठले. दुखणं नव्हतं. मी त्याला काही नाव देत नाही. उसण आपोआपही जाते. पण मॅडमना ते सांगायचं धाडस मला झालं नाही, आणि त्या जिन्यातल्या आजींची आठवण आल्यावर मला माझी लाज वाटली. कारण क्षणभर मलाही वाटलं होतं, हिला आहे तशीच राहू द्यावं.

तिच्या रक्तात वाढीचं हार्मोन जवळजवळ नव्हतंच. मेंदूच्या फोटोत दिसलं की ते तयार करणारी ग्रंथी इवलीशी आहे आणि तिला जोडणारा देठ तुटल्यासारखा आहे. मॅडमनी आईला विचारलं, "बाळंतपणात ही पायांकडून आली होती का?"

आई दचकली. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. अशा मुलांमध्ये पुष्कळदा तसं दिसतं. ग्रंथी आधी बिघडते म्हणून मूल उलटं येतं, की उलटं येताना ती बिघडते, हे अजून पक्कं कळलेलं नाही. आम्ही तेच शोधतोय."

इमारतीतले लोक ज्या खुणेवर रांग लावत होते, तीच खूण मॅडम कागदावर लिहून घेत होत्या. परतताना आई मला म्हणाली, "म्हणजे तिच्यात काहीतरी आहे, हे तुम्ही पण मानता."

मग इंजेक्शनं सुरू झाली. रोज एक, झोपायच्या आधी. औषध प्रकल्पातून मिळायचं. तीन महिन्यांनी तिला भिंतीला उभं केलं आणि पट्टी ठेवली तर आकडा चार सेंटिमीटर वर गेला होता. मी ओरडलेच. तिचे पाय दुखायचे, भूक खवळायची, चपला दर दोन महिन्यांनी लहान व्हायच्या. थोरलीचे जुने कपडे कपाटात वर्षांप्रमाणे रचलेले होते. ती एकेक गठ्ठा घालून संपवत गेली.

आईला त्याची भीती वाटायला लागली. "सकाळी दारात उभी राहते ना, तर वाटतं थोरलीच परत लहान होऊन आलीय," ती म्हणाली. "पहिलीतली थोरली. मग दुसरीतली. तोच फ्रॉक, तोच चेहरा. मी एकदा हाक मारली थोरलीला आणि दोघी वळल्या. मला चक्करच आली, ताई."

आणि थोरली? तिला मी दर खेपेला मोजायचे, तुलनेसाठी. एकदा तिची उंची आधीपेक्षा कमी भरली. खाली बघितलं तर तिनं गुडघे किंचित वाकवले होते.

"सरळ उभी राहा गं."

"नको," ती म्हणाली. "ती माझ्या मागनं येतेय. थोडं थांबते."

शेजारचे लोक वर्षभरात यायचे बंद झाले. पाय लागूनही उसण उतरत नाही, असं पसरलं. ते खरं होतं की त्यांनीच आधी ठरवलं होतं, कोण जाणे. मी मुलीला विचारलं, वाईट वाटतं का? ती म्हणाली, "नाही. लोकांची पाठ गार लागायची मला. आतनं." एवढंच.

पुढे तिला दोन इयत्ता वर, थोरलीच्या वर्गात घेता आलं नाही, पण जन्मतारीख दोघींची एकच, हे शाळेत आणि घरात सांगून झालं. केक एकच आला. सोळाव्या वर्षी हाडांची वाढणारी टोकं मिटली आणि इंजेक्शनं थांबवली. बहिणीपेक्षा ती तीन बोटं कमी राहिली.

फाइल बंद करायच्या दिवशी दोघी आल्या होत्या. मी जिला आधी उभं केलं ती कोण, हे मला आकडा लिहिताना कळलं. मग मी फाइलमधला, दोघी नऊ वर्षांच्या असतानाचा फोटो काढला. त्यात दोघी भिंतीला टेकून उभ्या होत्या, एक दुसरीच्या छातीपर्यंत. मला वाटलं धाकटीला बघून मजा वाटेल. तिनं फोटो हातात घेतला, जवळ धरला, आणि उंच मुलीवर बोट ठेवून म्हणाली, "ही मी."

"नाही गं, ती ताई. तू ही."

तिनं छोट्या मुलीकडे बराच वेळ पाहिलं. खरोखर ओळखत नव्हती. "ही कोण?" तिनं विचारलं.

थोरलीनं फोटो तिच्या हातातून अलगद काढून घेतला. "माझी बहीण," ती म्हणाली, आणि तो आपल्या वहीत ठेवला.