आग्नेयेची खिडकी

दादाने अमेरिकेत घर घ्यायचं ठरवलं तेव्हा आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आठवडाभर एकच घोर होता: दार उत्तरेला आहे ना? पुण्याच्या गुरुजींना नकाशा पाठवला. त्यांनी देवघर ईशान्येला हलवायला सांगितलं आणि स्वयंपाकघर आग्नेयेला आहे म्हणून दादाचं तोंडभरून कौतुक केलं, जणू घर त्यानेच बांधलं होतं. घराच्या मागे काय आहे, हे एकानेही विचारलं नाही.

मी विचारलं. वहिनीला लहानपणापासून दमा आहे आणि माझी नोकरीच तसली. इथे कतारमध्ये एका गॅस प्रकल्पाच्या पर्यावरण विभागात मी बारा वर्षं धुराड्यांतून काय बाहेर पडतं त्याच्या नोंदी ठेवते आहे. दादा म्हणाला, "मागे काही नाही गं, उंच भिंत आहे. कसलंतरी गोडाऊन असेल."

शुक्रवारची सुट्टी होती. दोहातल्या बिन ओमरान भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये पोह्यांची बशी बाजूला सारून मी लॅपटॉपवर दादाच्या घराचा पत्ता टाकला. अमेरिकेत मोठ्या कारखान्यांना हवेत काय सोडलं ते दरवर्षी सरकारला लिहून द्यावं लागतं आणि ती नोंद जगात कुणालाही फुकट पाहता येते. पोहे गार व्हायच्या आत मला ती सापडली. भिंतीमागे रसायनांचा कारखाना होता. यादीतली दोन नावं अशी, की आमच्याकडे त्यांच्या जवळ मास्कशिवाय फिरकू देत नाहीत. मग तिथल्या विमानतळाच्या वाऱ्याच्या नोंदी काढल्या. वर्षाचा बराचसा काळ वारा आग्नेयेकडून. कारखाना आग्नेयेला. आणि गुरुजींनी वाखाणलेल्या स्वयंपाकघराची खिडकीही आग्नेयेलाच.

शेवटी जनगणना उघडली. दादाच्या घराभोवतीच्या गल्ल्यांत बहुतेक कृष्णवर्णीय आणि स्पॅनिश बोलणारी कुटुंबं राहत होती. हायवेपलीकडे गोऱ्यांची वस्ती; तिथे असला एकही कारखाना नाही. मी नकाशा चारचारदा मागेपुढे सरकवून पाहिला. माझं डोकंच फिरलं. यातलं काहीही कुणी लपवलेलं नव्हतं. सगळं उघड लिहून ठेवलं होतं आणि तरीही ती भिंत आणि ती माणसं जिथल्या तिथे होती.

दादाला फोन करून सगळं सांगितलं. तो शांतपणे म्हणाला, "म्हणूनच तर परवडतंय."

"आणि वहिनीचा दमा?"

"तिथे इतकी वर्षं लोक राहतायत ना? आणि तू मला हवा शिकवू नकोस. गॅसच्याच पगारावर जगतेस तू."

हे खरं होतं, म्हणून जास्त झोंबलं. माझ्या ऑफिसातले आकडे मी नवऱ्यालासुद्धा दाखवू शकत नाही. तिकडचे सगळ्या जगाला उघडे होते, आणि माझा सख्खा भाऊ, तोही इंजिनिअर, बघायला तयार नव्हता. दाराची दिशा मात्र त्याने कंपास लावून मोजली होती.

आईने हा प्रश्न गुरुजींपुढे ठेवला. त्यांनी निरोप धाडला, आग्नेयेला अग्नीचं काम चालणं शुभच असतं. गुरुजी समोर असते तर मी त्यांना त्या भिंतीमागे नेऊन प्राणायामाला बसवलं असतं. "खलास, मी यात पडणार नाही," असं म्हणून मी लॅपटॉप मिटला.

वास्तुशांत आम्ही दोहातून व्हिडिओवर पाहिली. गुरुजी पुण्याहून दुसऱ्या चौकटीतून मंत्र सांगत होते. होमाचा धूर कोंडला तसे म्हणाले, "जरा स्वयंपाकघरातली खिडकी उघडा."

वहिनी पदर नाकाला लावून म्हणाली, "ती नाही उघडत आम्ही. बाहेरून वास येतो."

गुरुजी पुढचा मंत्र म्हणू लागले. दादाने कॅमेऱ्याकडे पाहिलं नाही.

दोन दिवसांनी वहिनीचा फोन आला. एरवी ती मला गमतीने 'वन्सं' म्हणते. त्या दिवशी तिच्या आवाजात गंमत नव्हती, मधूनमधून दम्याच्या पंपाचा आवाज येत होता.

"वन्सं, मी काल सरकारच्या साइटवर आमचा पत्ता टाकून पाहिला. सगळं दिसतं की तिथे. ह्यांना विचारलं तर म्हणाले, तुम्हाला घर घ्यायच्या आधीच माहीत होतं."

"हो."

"मग मला का नाही सांगितलंत?"

आमच्या घरात दादाशी बोललं की वहिनीशी बोललं, असंच धरून चालतात. महिनाभर मी दादावर, गुरुजींवर, अख्ख्या अमेरिकेवर चिडले होते. जिचा श्वास कोंडणार होता तिला मात्र एक फोन केला नव्हता.

"मी दादाला सांगितलं होतं," मी म्हणाले, आणि म्हणता म्हणताच मला माझी लाज वाटली.